खोक्यातला खर्ज

म्हादबा माझ्या दुकानात आला की आधी रामराम घालायचा नाही, आधी टकटक करायचा. तेलाचा डबा, गुळाची ढेप, डाळीचं पिंप, गल्ल्याची फळी, जे हाताशी येईल त्याच्यावर बोटाची पेरं आपटायची, कान लावायचा, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा. "मुकं हाय." नाहीतर, "बोलतंय, पन घशातनं. पोटातनं बोलत न्हाई." एकदा माझे सासरे राहायला आले होते. त्यांचं पोट म्हणजे बघण्यासारखं. ते गल्ल्याशेजारी टेकून बसले होते आणि म्हादबाचा हात हळूहळू त्यांच्या दिशेनं निघालेला मला दिसला. मी त्याला घाईघाईनं चहाला म्हणून बाहेर काढला, नाहीतर त्या दिवशी माझं सासर तुटलं असतं.

माले गावात रस्त्याला लागून माझं किराण्याचं दुकान होतं. एसटी नुकती यायला लागली होती त्या दिवसांतली ही गोष्ट. मुळशीचं धरण आमच्या उशाशी, त्याच्या पाण्यावरची वीज मुंबईला आणि आम्ही आपले कंदिलाच्या काचा पुसत बसलेले. करमणूक म्हणजे देवळातलं भजन. त्यात मी पेटी वाजवायचो. चांगली वाजवायचो, हे मीच सांगून टाकतो, कारण दुसरं कुणी सांगेल असा भरवसा नाही. म्हादबा त्याच भजनात टाळ धरायचा. शेती बरी. त्याच्या खाचरातला आंबेमोहोर शिजला की वास चार घरं ओलांडून जायचा. बायको भागीरथी, एक मुलगी लग्नाला आलेली. सगळं कसं रीतसर चाललेलं, आणि अचानक ह्या गड्याच्या डोक्यात खर्ज शिरला.

खर्ज म्हणजे सगळ्यात खालचा, जाड सूर. गाणाऱ्याच्या पायाखालची जमीन म्हणा ना. तिच्याकडं कुणी बघत नाही, पण ती नसली तर उभं राहायचं कुठं?

त्याचं असं झालं. एका पावसाळ्यात म्हादबाच्या पुण्याच्या फेऱ्या फार वाढल्या. विचारलं तर म्हणायचा, तांदळाचा भाव काढतोय. भर आषाढात कसला तांदूळ आणि कसला भाव? पण आपल्याला काय करायचंय. अशाच एका फेरीत पुण्याच्या लष्कर भागात ख्रिस्ती लोकांचं लग्न लागलं होतं, तिथं मांडवाबाहेर हा उभा राहिला. आत एक माणूस म्हशीएवढं फिडल उभं धरून, त्याला चक्क मिठी मारून, नुसत्या बोटानं छेडत होता. म्हादबाचं म्हणणं, बाकीचं सगळं वाजप कानात वाजत होतं, हे एकटंच पोटात वाजत होतं. लग्न संपेपर्यंत तो जागचा हलला नाही. कुणीतरी त्याच्या हातावर केकचा तुकडा ठेवला, तो तसाच हातात चुरा झाला. शेवटी त्या वाजवणाऱ्याला गाठून त्यानं वाद्याचं नाव विचारलं. तो म्हणाला, बेस. आमच्याकडं बेस म्हणजे झकास. म्हादबाला वाटलं, हा नाव सांगायचं सोडून स्वतःचीच तारीफ करतोय.

गावात परत आला तो तडक माझ्याकडं, चहाचं रिकामं खोकं मागायला. प्लायवूडची, कडांना पत्र्याच्या पट्ट्या ठोकलेली ती खोकी तेव्हा चहाबरोबर यायची. होती तेवढी त्यानं वाजवून बघितली, सगळी नापास केली आणि नव्या खोक्याची वाट बघत बसला. माझा चहा कधी संपतो याची चौकशी तो इतक्या आस्थेनं करायचा की गिऱ्हाइकांना वाटायचं, ह्याची माझ्या धंद्यात पाती आहे.

त्यानं केलेलं वाद्य तसं साधं होतं. खोकं पालथं घालायचं, मधोमध भोक पाडून त्यातनं एक जाड दोर वर घ्यायचा, आणि तो खोक्याच्या कडेवर टेकवलेल्या वेळूच्या टोकाला बांधायचा. एका हातानं वेळू धरायचा, दुसऱ्यानं दोर छेडायचा. वेळू मागं ओढला की दोर ताणतो आणि सूर चढतो, पुढं झुकवला की उतरतो. एवढंच. पण म्हादबाचं समाधान होईना. सुतळी लावली, ती कण्हायला लागली. काथ्या लावला, तो खोकायला लागला. सायकलच्या ब्रेकची तार लावली, तर म्हणे, "ही सासूशी भांडनाऱ्या सुनंवानी बोलती."

मग गाद्या पिंजायला एक पिंजारी आला. त्याच्या धनुकलीची तात मेंढराच्या आतड्याची असते. कापूस राहिला बाजूला, म्हादबा दिवसभर त्या तातीपुढं मांडी घालून बसला. पिंजारी काही आपली तात देईना, तेव्हा हा डोंगराकडच्या धनगरांच्या वाड्यावर जाऊन आतडी घेऊन आला, धुतली, पिळली आणि घरात वाळत घातली. भागीरथीवहिनी गळ्यात माळ घातलेल्या. त्या माझ्या बायकोपुढं रडायच्या बाकी राहिल्या. "माझ्या चुलीवर कदी मटनाचं भांडं चढलं न्हाई, आन आता वलनीवर आतडी वाळत्यात."

पहिली तात फार सुरेख बोलली म्हणतात. म्हणतात अशासाठी, की मी ऐकायच्या आत ती कुत्र्यानं खाल्ली. आतडंच ते, कुत्र्याचा काय दोष? म्हादबा त्यानंतर बराच वेळ कुत्र्याला मांडीवर घेऊन त्याच्या पोटाला कान लावून बसला होता, असं शेजारचे सांगायचे. शेजारी काय, काहीही सांगतात.

दुसरी तात त्यानं आढ्याला टांगून वाळवली. मग सूर आणखी जाड व्हावा म्हणून पखवाजाच्या धुमेला, म्हणजे डाव्या तोंडाला, लावतात तशी मळलेली कणीक खोक्याच्या फळीला थापली. सकाळी उठून बघतो तर उंदरांनी कणकेबरोबर फळीही कुरतडलेली. मला नवीन खोकं द्यावं लागलं. पावसाळ्यात हवेनं तात सैल पडायची, तेव्हा तो ती चुलीवर शेकायचा आणि भाकरी खोळंबायची. पण हळूहळू खोकं बोलायला लागलं. इतकं, की एका दुपारी तो ओसरीवर वाजवत बसला असताना रस्त्याकडेला थांबलेली माणसं गाठोडी डोक्यावर घेऊन, पोरं काखेला मारून उठून उभी राहिली. त्यांना वाटलं, वळणावर एसटी आली. एसटी काही त्या दिवशी आलीच नाही.

लेकीसाठी ताम्हिणीकडं स्थळ बघायला गेला तेव्हाची गोष्ट तर सांगायलाच हवी. पोहे झाले, पानसुपारी झाली. बोलणी अगदी रंगात आली असताना म्हादबा उठला आणि कोपऱ्यातल्या धान्याच्या कणगीवर त्यानं टकटक केली. कान लावला. आणि भर बैठकीत आनंदानं म्हणाला, "मोकळी हाय! म्हनून तर येवढी झ्याक वाजतीया!" आता पाहुण्यांच्या घरची कणगी रिकामी आहे, हे असं चारचौघांत ओरडून सांगायचं असतं का? मुलाच्या बापाचा चेहरा पडला. भागीरथीवहिनींच्या भावानं हातापाया पडून कसंबसं निभावलं. लग्न झालं, पण त्या सुगीत व्याह्यांनी कणगी शिगोशीग भरली आणि ती वाजवून बघायला म्हादबाला मुद्दाम बोलावणं धाडलं. म्हादबा जाऊन आला. म्हणाला, "भरली, पन वाया गेली."

एवढी उठाठेव त्याची एकाच गोष्टीसाठी चाललेली, आपलं खोकं भजनात बसावं. आणि तिथंच तर घोडं पेंड खात होतं. कारण भजनाचे कर्ते होते खंडूअण्णा. म्हणजे म्हादबाचे सख्खे थोरले भाऊ. आणि दोघांची बोलीचाली बंद.

घराची वाटणी झाली तेव्हा बैलांचीही झाली, जोडीतला एकेक बैल दोघांकडं. आपला बैल दुसऱ्याच्या औताला द्यायचा नाही, अशी दोघांनी आण घेतली. मग काय, पेरणीला दोघंही एकेका बैलासाठी गावभर हिंडायचे, आणि घरचे दोन बैल भिंतीच्या दोन बाजूंना उभे राहून एकमेकांकडं बघत हंबरायचे. बायकांचं मात्र परसदारी सगळं सुरळीत होतं, कोथिंबीर इकडून तिकडं, कढी तिकडून इकडं. पुरुषांना अब्रू असते ना, त्यामुळं त्यांची पंचाईत.

अण्णांचा गळा म्हणजे गावाचा मान होता. पण म्हादबा पुण्याला खेपा घालत होता त्याच पावसाळ्यात अण्णांना न्यूमोनिया झाला, पुण्याच्या दवाखान्यात ठेवावं लागलं. जीव वाचला, पण परत आले तेव्हा आवाज जरा बसलेला. म्हातारी माणसं म्हणाली, अशक्तपणा आहे, येईल वर. तरणी पोरं म्हणायला लागली, अण्णांनी आता मागं सरावं, नामा पखवाज्याचा भाचा बरा गातो. अण्णांनी हे ऐकलं होतं. भजन काढून घेतलं तर हा माणूस खचेल, हे मला दिसत होतं.

अशा वेळी म्हादबा खोकं डोक्यावर घेऊन देवळात आला. अण्णा एका बाजूला, हा दुसऱ्या बाजूला, मध्ये मी पेटी घेऊन.

अण्णा मला म्हणाले, "शेट, त्याला सांगा, देवळात मेंढराचं आतडं चालायचं न्हाई."

हातभर अंतरावरून म्हादबा मला म्हणाला, "शेट, त्यास्नी सांगा, नामाचा पखवाज काय केळीच्या पानाचा हाय? त्येबी कातडंच की."

मी इकडचं तिकडं आणि तिकडचं इकडं सांगत होतो. दोघांनाही आधीच ऐकू गेलेलं, पण मी सांगेपर्यंत दोघंही बहिरे. कातड्याच्या मुद्द्यावर नामा चपापला आणि पखवाजावरून हात फिरवायला लागला. अण्णांनी एकदा खोक्याकडं बघितलं. मग म्हणाले, म्हणजे मलाच म्हणाले, की बसायचं तर खांबामागं, पुढं दिसता कामा नये. कुणालाही अपमान वाटला असता. म्हादबा मात्र पोराला जत्रेला नेतो म्हटल्यावर पोर हसेल तसा हसला. तो खांब बरोबर अण्णांच्या पाठीमागं होता.

तेव्हापासून माझे हाल सुरू झाले. भजनाआधी मी पेटीवर आमच्या भजनाची पट्टी, काळी दोन, दाबून धरायचो, तो तात मिळवून घ्यायचा, अगदी तंतोतंत. भजन सुरू झालं की थोड्या वेळानं खांबामागचा वेळू केसभर पुढं झुकायचा आणि सूर केसभर उतरायचा. मी डोळे वटारायचो. तो आढ्याकडं बघायचा. नंतर भांडायला जावं तर शांतपणे म्हणायचा, "तुमची पेटी चढलीया, शेट." आणि कमाल अशी की गावही त्याच्याच बाजूचं. अण्णांचा आवाज आणि ते खोकं एकमेकांत मिसळून जायचं, माझी पेटीच तेवढी वेगळी पडायची. अण्णांचा गळा पहिल्यासारखा झाला म्हणून सगळे खूश, आणि मला सल्ला, पेटी एकदा दाखवून आणा. शेवटी मी ती मांडीवर घेऊन एसटीनं पुण्याला गेलो. पेटीवाल्यानं सगळे सूर तपासले आणि सांगितलं, पेटी ठणठणीत आहे, तुम्ही कान दाखवा.

दोन वर्षं हे असं चाललं. मग कार्तिकातल्या काकड्याची समाप्ती आली. महिनाभर पहाटे गायचं आणि शेवटच्या दिवशी आसपासच्या गावांची मंडळी ऐकायला येणार, असा तो दिवस. म्हादबा लेकीला बाळंतपणासाठी आणायला ताम्हिणीला गेला होता, आदल्या दिवशी परतायचा होता. व्याह्यांनी आग्रह करून ठेवून घेतलं. खांबामागं कुणी नाही. आम्ही सुरू केलं.

अण्णांनी पहिली ओळ घेतली आणि मला घाम फुटला. त्यांचा सूर पेटीच्या खाली होता. केसभरच, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतका. मी काळी दोन धरून बसलो, ते वर यायचा जीव तोडून प्रयत्न करत होते आणि पुन्हा घसरत होते. परगावची माणसं एकमेकांकडं बघायला लागली. कडव्याच्या मध्येच अण्णा थांबले. नामाच्या भाच्याला खूण करून त्यांनी पुढं बसवलं आणि स्वतः भिंतीला टेकून डोळे मिटून घेतले. मला फार वाईट वाटलं. आणि त्याच वेळी माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

दुसऱ्या दिवशी म्हादबा लेकीला घेऊन आला. दुकानाच्या पायरीवरच मी त्याला धरला. म्हटलं, तुला सूर कळतो, चांगला कळतो, तू मुद्दाम उतरवत होतास.

त्यानं आधी काल काय झालं ते विचारून घेतलं. ऐकता ऐकता त्याचा चेहरा उतरत गेला. मग तो पायरीवर बसला.

"दवाखान्यात अण्णा खाटंवर पडून गुनगुनायचा," तो म्हणाला. "मी भाईर व्हरांड्यात असायचो. आत कसा जानार, बोलनं कुटं हाय? पन आवाज यायचा. गळा खाली आलाय आन त्याचं त्यालाच कळत न्हाई, हे मी तवाच वळखलं. म्हनलं, आता गाव हसनार ह्याला."

म्हणजे तांदळाचा भाव तो हा. मी म्हटलं, अरे पण त्यापायी गाव दोन वर्षं माझ्या पेटीला नावं ठेवतंय.

"ठिवंना का. पेटी चुकली तर काय बिघडतंय, शेट? पेटीला कुटं अब्रू असती?"

पेटीला नसते रे बाबा, पेटीवाल्याला असते, हे अगदी ओठावर आलं होतं. मला राग यायला हवा होता. पण राग काही येईना. बैल न देणारा, भिंत घालणारा, भावाच्या सावलीला उभा न राहणारा हा माणूस आतडी काय पिळत होता, उंदरांशी काय झगडत होता, आणि सगळं कशासाठी, तर भावाचा सूर जिथं पडेल तिथं त्याच्याखाली जमीन असावी म्हणून. मी त्याला आत बोलावून चहा पाजला. दुसरं काय सुचणार?

त्या आठवड्यात मी पुन्हा पेटी घेऊन पुण्याला गेलो. पेटीवाल्याला सांगितलं, सगळे सूर केसभर उतरवून द्या. तो म्हणाला, लोक पेटी सुरात लावायला आणतात, बेसूर करून मागणारे तुम्ही पहिलेच. मग कान दाखवले का, म्हणून त्यानं विचारलं. मी म्हटलं, दाखवले, त्यांनीच हे सांगितलंय.

पुढच्या एकादशीला भजन. नामाचा भाचा पुढं बसायला निघाला होता, मी म्हटलं, आज अण्णांना गाऊ दे, माझी पेटी दुरुस्त करून आणलीय. नको नको म्हणतच अण्णा पुढं येऊन बसले. भजन रंगलं, आणि थोड्या वेळानं सवयीप्रमाणं खांबामागचा वेळू पुढं झुकला. तात आधीच उतरलेल्या पेटीशी मिळवलेली, त्यामुळं सूर अण्णांच्याही खाली गेला. म्हादबा दचकला. त्यानं माझ्याकडं बघितलं, आणि मी आढ्याकडं बघितलं. मग वेळू हळूच पुन्हा मागं आला, आणि अण्णांचा आवाज, माझी पेटी आणि ते चहाचं खोकं तिन्ही एका जागी येऊन टेकले. इतकी वर्षं हा गडी पोटात वाजतं, पोटात वाजतं म्हणायचा, ते काय असतं ते मला तेव्हा कळलं. नामाचा भाचासुद्धा मान डोलवायला लागला. अण्णांना उठवायची भाषा गावात नंतर कुणी केली नाही.

भजन संपलं. म्हादबा खोकं डोक्यावर घेऊन नेहमीसारखा न बोलता पायऱ्या उतरला. मी पेटी आवरत होतो, तर अण्णा शेजारी येऊन बसले.

"शेट, पेटी उतरवून आनलीया जनू."

मी म्हटलं, छे छे, हवेनं झालं असेल.

"आन त्याचा वेळू? त्यो बी दोन वर्सं हवेनंच झुकत हुता व्हय?"

मी चाटच पडलो. त्यांना सगळं माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत असावं, कारण सांगताना आवाजात नवल असं काही नव्हतंच. आता हसावं की ह्या दोघांच्या टाळक्यात टाळ घालावे, मला कळेना. शेवटी मी हात जोडले. म्हटलं, अण्णा, एवढं सगळं कळतंय तर आता तरी बोला की त्याच्याशी.

अण्णांनी उपरणं झटकून खांद्यावर टाकलं आणि उठले.

"रोज बोलतोय की," ते म्हणाले. "तुमी मधी पेटी वाजवताय, म्हनून तुमास्नी ऐकाया येत न्हाई."